दापोली ते रत्नागिरी सायकलने: अरुंद रस्त्यावर नेमके कुठून चालवावे?

दापोलीकरीण

नमस्कार. मी ४७ वर्षांची आहे, दापोलीत राहते आणि गेली दोन वर्षे कामावर जाण्यापूर्वी रोज सकाळी सायकल चालवते. शाळेत असताना शिकलेली सायकल मध्ये पंचवीस-तीस वर्षे सुटली होती. गुडघे कुरकुरू लागल्यावर २१ गियरची हायब्रिड सायकल घेतली आणि आता आसूद, हर्णै, कधी मुरूड असा वीस-पंचवीस किलोमीटरांचा फेरा सहज होतो. येत्या जानेवारीत दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे या मार्गाने तीन दिवसांत रत्नागिरीला जावे, असे मनात आहे.

प्रश्न मात्र प्रवासापेक्षा रस्त्याचा आहे. गेल्या महिन्यात आसूदहून दापोलीकडे चढत असताना, मी नेहमीप्रमाणे डांबराच्या अगदी कडेने चालले होते. डावीकडे वळणाऱ्या चढावर मागून आलेल्या एका मोटारीने मला ओलांडायला घेतले, तेवढ्यात समोरून टेम्पो आला, मोटार डावीकडे सरकली आणि माझे पुढचे चाक डांबरावरून खाली उतरले. नुकतेच नवे डांबर चढवल्यामुळे रस्त्याची कड साइडपट्टीच्या मातीपेक्षा चांगली चार बोटे उंच झाली आहे. मी चाक पुन्हा वर घेऊ पाहिले, ते कडेला घासत गेले आणि मी आडवी झाले. कोपर सोलवटले, इतकेच. मोटार निघून गेली. टेम्पोवाले दादा मात्र थांबले, त्यांनी सायकल उचलली आणि पाणी दिले.

घरी आल्यापासून सासूबाईंचे एकच पालुपद आहे की या वयात हातपाय मोडून घ्यायची हौस कशाला. त्यांना उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःला उत्तर हवे आहे. कडेकडेने चालवणे सुरक्षित, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते आपल्या घाटीच्या रस्त्यांवर खरे आहे का? शिवाय दिवसाला किती अंतर धरावे आणि वाटेत पंक्चर झाल्यास काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

भाट्ये पुलावरून

नमस्कार ताई. कोपर बरे झाले असेल, अशी आशा आहे. मी रत्नागिरीत बारा वर्षे सायकल चालवतो आहे आणि त्यांतली पहिली चार वर्षे मीही आपल्यासारखाच कडेला चिकटून चालवत असे. ते का सोडले, हे थोडे मोजमाप करून सांगतो, कारण मोजमाप केल्याशिवाय माझेही मन मानत नव्हते.

आपल्याकडचे पुष्कळसे रस्ते साडेपाच मीटर किंवा त्याहूनही कमी रुंदीचे आहेत. एकाच मार्गिकेच्या रस्त्याची प्रमाण रुंदी तर अवघी पावणेचार मीटर असते. साडेपाच मीटरांच्या रस्त्यावर दोन मोटारी समोरासमोर आल्या, तर प्रत्येकी १.८ मीटर धरून ३.६ मीटर त्यांतच गेले. उरले १.९ मीटर. दोन मोटारींच्या मध्ये अर्धा मीटर तरी मोकळा हवा, आणि सायकलच्या हँडलला साठ सेंटीमीटर लागतात. राहिले ऐंशी सेंटीमीटर, तेही पलीकडच्या मोटारीची कड, आपली कड आणि आपल्या कोपराशेजारची फट, अशा तीन ठिकाणी वाटायचे. म्हणजे समोरून वाहन येत असताना आपल्याला ओलांडायला त्या रस्त्यावर जागा नसतेच. पण आपण कडेला चिकटून चाललो, की मागच्या चालकाला ती जागा आहे असे वाटते, आणि तो थांबण्याऐवजी घुसतो. आसूदच्या वळणावर आपल्याबाबत नेमके हेच घडले.

म्हणून मी डांबराच्या कडेपासून साधारण एक मीटर आत चालवतो. रस्त्याच्या मधोमध मुळीच नव्हे; वाहन डाव्या बाजूने चालवावे हा नियम आपल्यालाही आहेच. एका मीटरचा फायदा दुहेरी होतो. मागच्या चालकाला ओलांडायचे असेल तर समोरचा रस्ता रिकामा आहे की नाही हे पाहावेच लागते, आणि तरीही एखादा फार जवळून गेलाच, तर आपल्याला डावीकडे सरकायला मीटरभर डांबर हाताशी असते. कडेला असलेल्याला सरकायला फक्त गटार असते.

डावीकडच्या वळणावर तर हे फारच महत्त्वाचे. आतल्या बाजूला दरड असते, नाहीतर करवंदाच्या जाळ्या असतात, आणि त्यांना चिकटून चाललेली सायकल मागच्या चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसते. तीच सायकल मीटरभर बाहेर असली, तर बऱ्याच आधी नजरेत येते. मी वळणापूर्वी मागे वळून पाहतो, मग थोडा बाहेर येतो आणि वळण संपून रस्ता सरळ दिसू लागला की डावीकडे होऊन मागच्यांना हाताने पुढे जाण्याची खूण करतो. ही खूण फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. चालकाचा निम्मा राग तिथेच उतरतो.

आणि कडेवरून चाक घसरलेच, तर तिरपे वर घेण्याचा प्रयत्न कधीही करू नये. मातीतच सरळ जात राहावे, वेग कमी करावा, थांबावे आणि सायकल उचलून डांबरावर ठेवावी.

निवृत्त चालक, गुहागर

वरील प्रतिसाद बराचसा पटला, पण एका बाजूने लिहिलेला आहे. माझी हयात एस.टी.च्या स्टिअरिंगमागे गेली आणि सायकल मी निवृत्तीनंतर हाती घेतली, त्यामुळे दुसरी बाजूही सांगणे मला भाग आहे.

बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. भरलेली बस चढावर दुसऱ्या गियरमध्ये चालली असताना पुढे सायकल आली, तर ताशी सहा-सात किलोमीटरांच्या वेगाने तिच्यामागे रांगणे इंजिनालाही जड जाते आणि मागच्या सीटजवळ उभ्या असलेल्या माणसांनाही. चालक वाईट नसतो, तो घाईत असतो, आणि वस्तीच्या गाडीचा चालक तर दिवसभराच्या थकव्यानंतर शेवटच्या गावाला निघालेला असतो. तेव्हा चढावर मीटरभर आत अवश्य चालवावे, पण मागे अवजड वाहन आले आहे असे समजताच पहिली रुंद जागा पाहून पाय टेकावा आणि त्याला जाऊ द्यावे. यात कमीपणा मानू नये. चढावर उतरून चालत जाणाऱ्यालाही मी सायकलस्वारच म्हणतो. एक लक्षात ठेवावे की बस पुढे निघून गेली असे वाटले तरी वळणावर तिची मागची चाके आतून कापत जातात. म्हणून वळणाच्या पोटात बसच्या डावीकडे कधीही राहू नये.

हॉर्नबद्दलही दोन शब्द. घाटीत आम्ही हॉर्न देतो तो बहुतेक वेळा समोरच्या न दिसणाऱ्या वाहनासाठी असतो. नवशिके सायकलस्वार तो ऐकून दचकतात आणि दचकून कडेला उतरतात. तसे करू नये, आपली रेषा सोडू नये.

आता एक गोष्ट सांगतो, जी सायकलवाल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्या किनाऱ्यावर सकाळी खालच्या गावातून सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळपठाराकडे, चढायचे म्हणजे बहुधा पूर्वेला तोंड असते. सूर्य नुकताच वर आलेला, समोरच्या काचेवर धूळ आणि रात्रीचे दव. त्या अर्ध्या-पाऊण तासात चालकाला पुढचे काहीही दिसत नाही, सावलीतला सायकलस्वार तर नाहीच. संध्याकाळी किनाऱ्याकडे उतरताना हेच उलट्या दिशेने होते. त्यामुळे मागचा लाल दिवा भर दिवसाही लुकलुकता ठेवावा, आणि शक्य असेल तर त्या वेळेला चढावर राहूच नये. एखाद्या टपरीवर चहा घ्यावा. माझ्या नोकरीत दोनदा केवळ अशा दिव्यामुळे मला पुढचा माणूस दिसला आहे.

हँडलला आरसा जरूर लावावा. मागे वळून पाहताना पुष्कळांची सायकल उजवीकडे झुकते.

सड्यावरचा

ताई, शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या टाळा, माझा एवढाच सल्ला. सोमवारी निघालात तर निम्मे प्रश्न उरणारच नाहीत. २६ जानेवारीच्या आगेमागे तर मुळीच निघू नका.

चाकांचा दवाखाना

चिपळुणात माझे सायकल दुरुस्तीचे लहान दुकान आहे. पंक्चरबद्दल विचारले आहे, तर सांगतो.

आपल्या हायब्रिडचा टायर ७०० बाय ३५ किंवा त्याच्या जवळपासचा असेल. गावातल्या दुकानात जुन्या काळ्या सायकलीची २८ बाय दीड इंचाची ट्यूब हमखास मिळते आणि पुष्कळांना वाटते की दोन्ही एकच. ट्यूब रबराची असल्यामुळे अडचणीच्या वेळी ओढूनताणून भागवताही येते, पण टायरचे तसे नाही. काळ्या सायकलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि आपल्या सायकलीचा ६२२. तेरा मिलिमीटरांच्या फरकाने तो टायर आपल्या रिमवर सैल बसतो आणि हवा भरताच बाहेर येतो. दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. मोटारसायकलसारखा जाड श्रेडर व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक मानेचा प्रेस्टा असेल तर जवळ अडॅप्टर हवा. प्रेस्टाच्या रिमचे भोकही लहान असते, त्यातून जाड व्हॉल्व्ह जात नाही. निघण्यापूर्वी आपल्या चाकाला कोणता आहे ते पाहून त्याच जातीच्या दोन ट्यूब, टायर उतरवण्याचे लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि हातपंप एवढे पिशवीत ठेवावे. आणि घरी अंगणात एकदा स्वतः मागचे चाक काढून, ट्यूब बदलून, चेनमध्ये परत बसवून पाहावे. ज्याने ते एकदाही केलेले नाही, त्याच्या पिशवीतली ट्यूब फक्त वजन वाढवते.

गियरचे थोडे गणित. पुढचे सर्वांत लहान चक्र २८ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठेही २८ दात्यांचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो, म्हणजे सायकल सुमारे २.१५ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी पावणेआठ किलोमीटरांच्या घरात राहतो. पाठीमागे सामान बांधून धोपाव्याच्या किंवा हेदवीच्या चढावर तेवढाही वेग राखणे पुष्कळांना जड जाते, मग पेडल मंदावते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे ३४ दात्यांचे चक्र बसवले तर त्याच साठ फेऱ्यांना वेग ताशी साडेसहाच्या आत येतो आणि श्वास पुरतो. आपल्या गुडघ्यांसाठी मी हा बदल आधी सुचवीन. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरला तेवढे मोठे चक्र पेलते का, हे मात्र कारागिराकडून पाहून घ्यावे.

चढापेक्षा मला उताराची काळजी अधिक वाटते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. वळणावर गुरे दिसली आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर दहा मीटर तिथेच गेले. कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी दहा तरी लागतात. हाच वेग ताशी १८ केला, तर सगळे मिळून साडेसात-आठ मीटरांत थांबता येते. त्यातून आपल्याकडे चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेली जांभ्याची बारीक खडी नेमकी वळणावर पसरलेली असते, आणि तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक पायाखालून जाते. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावावा आणि वळणात सायकल मोकळी सोडावी.

खाऱ्या हवेने चेन दोन दिवसांत तांबडी होते. रोज मुक्कामी ओल्या फडक्याने पुसून, सुकवून, दोन थेंब तेल सोडावे. पुळणीवर सायकल घालू नये; फोटो छान येतो, पण त्या वाळूचे बिल नंतर माझ्यासारख्याकडे भरावे लागते.

दोन खाड्या पलीकडे

मी हाच प्रवास दोन वर्षांपूर्वी एकटीने केला, तेव्हा माझे वय ५१ होते. सायकलीचे वरच्या मंडळींनी सांगितलेच आहे, म्हणून मी दिवसांचे सांगते.

संपूर्ण अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटरांच्या दरम्यान भरते. वाटेत कुठे वाकडी वाट करता यावर ते अवलंबून. सपाटीवर हे दोन दिवसांचे काम झाले असते. पण आपल्याकडे प्रत्येक गाव समुद्रसपाटीला, त्याच्या डोक्यावर सडा, आणि पुढचे गाव पुन्हा खाली. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, सगळीकडे तोच खेळ. नकाशावर वीस किलोमीटर दिसणाऱ्या टप्प्याला मला कधीकधी तीन तास लागले. पहिल्या दिवशी दापोली ते गुहागर, दुसऱ्या दिवशी जयगड किंवा मालगुंडपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, ही विभागणी मला बरोबर वाटते. पहिला टप्पा सोपा भासतो, कारण दापोली सुमारे आठशे फुटांवर आहे आणि दाभोळ पाण्यालगत; पण धोपाव्याच्या धक्क्यावरून चढ लगेच सुरू होतो. दिशा आपण योग्य निवडली आहे. थंडीच्या दिवसांत दुपारनंतर वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीला लागतो.

वाटेत दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी लागतात. बोटीचा लोखंडी उतरता फळा नेहमी ओला असतो, आणि धक्क्याच्या खालच्या भागावर शेवाळ असते. तिथे सायकलवरून उतरून, हातात धरूनच चालावे. मी एका तरुणाला सायकलसकट घसरत जाताना पाहिले आहे. बोटीत सायकल कडेच्या कठड्याला टेकवून एक हात तिच्यावर ठेवावा. पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट पलीकडे उतरल्यावरची आहे. बोटीतली सगळी वाहने एकदम सुटतात आणि एकामागून एक त्याच अरुंद घाटीवर चढतात. त्यांच्या पुढे निघालात, तर पहिल्याच वळणावर सगळी तुमच्या पाठीवर येतात. मी दोन्ही ठिकाणी सर्वांना जाऊ दिले, धक्क्यावर शहाळे घेतले आणि दहा मिनिटांनी निघाले. पुढची बोट येईपर्यंत तो चढ जवळजवळ माझ्या एकटीचा होता. जयगडला उतरल्यावर बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या अवजड गाड्या असतात, त्या निवळीकडच्या रस्त्यावर अधिक. आपल्याला गणपतीपुळ्याकडे वळायचे असल्यामुळे तो रस्ता पुष्कळसा टळतो.

जानेवारीत उजाडायला सात वाजून जातात आणि साडेसहाच्या सुमारास अंधारू लागते. मी साडेसातला निघून बाराच्या आत दिवसाचे मुख्य अंतर संपवत असे. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे मिश्रण एका बाटलीत आणि साधे पाणी दुसऱ्या बाटलीत ठेवावे. कोकम सरबत वाटेत मिळतेच. सड्यावर मात्र दहा-दहा किलोमीटर दुकान नसते आणि मोबाइलची रेंजही जाते, म्हणून मुक्कामाच्या घरी आधी फोन करून साधारण किती वाजता पोहोचेन हे सांगून ठेवावे. घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या काकू पाच वाजून गेले की स्वतःहून फोन करतात. १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ असू द्यावेत. आपल्याला पाणी देणाऱ्या टेम्पोवाल्यांसारख्या माणसांना पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण मिळाले आहे, हे आपणच चार जणांना सांगत राहावे.

परतताना रत्नागिरीहून कोकण रेल्वेने खेडला उतरावे. सायकल डब्यात घेता येत नाही, ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, नोंदवावी लागते. कोणत्या गाडीला ते शक्य आहे, हे स्थानकातल्या पार्सल कार्यालयात आदल्या दिवशीच विचारावे. खेडहून दापोली तीस किलोमीटरांच्या आसपास आहे, पण त्या वेळी पायांत जीव उरला नसेल तर टेम्पो करण्यात काहीही गैर नाही. मी केला होता.

सासूबाईंबद्दल एवढेच लिहिते की माझ्या घरीही असेच होते. मी त्यांना नकाशा दाखवला नाही. मुक्कामाच्या दोन्ही घरच्या काकूंशी त्यांचे फोनवर बोलणे करून दिले.

दापोलीकरीण

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण आधी करून पाहायचे होते.

आसूदचा चढ मीटरभर आत राहून पाच वेळा चढले. पहिल्या दिवशी फार अवघडल्यासारखे झाले. आपण कोणाची तरी वाट अडवतो आहोत, ही भावना पायांपेक्षा लवकर दमवते. दोघांनी जोरात हॉर्न दिला. पण त्याच वळणावर एक मोटार माझ्यामागे खरोखर थांबली, समोरची जीप गेली, मी हात केला, मग ती पलीकडच्या बाजूने लांबून निघून गेली. भाट्ये पुलावरच्या दादांचे गणित त्या क्षणी पटले. गुहागरच्या काकांचेही तितकेच ऐकते आहे: वस्तीची गाडी दिसली की मी आंब्याखाली उभी राहते, आणि आता तिचे चालक लांबूनच हात करतात.

आरसा बसवला, मागे ३४ दात्यांचे चक्र बसवून घेतले. निघायचा दिवस सोमवारच ठरवला आहे. सासूबाईंची अट अशी आहे की दाभोळच्या धक्क्यावरून एक आणि तवसाळच्या धक्क्यावरून एक फोन आलाच पाहिजे, तोही बोटीत चढण्यापूर्वी.

ट्यूब अंगणात बदलून पाहिली. पहिल्या खेपेला पाऊण तास लागला आणि चेन उलटी अडकवली. त्याच वेळी पिशवी उघडली तेव्हा कळले, की गेली दोन वर्षे मी जी जादा ट्यूब इमानाने बाळगून फिरत होते, ती २८ बाय दीडची होती. ती शेजारच्या अण्णांच्या काळ्या सायकलीला देऊन टाकली आहे.